घोड्यांतील सर्रा : रक्ताची कोणती तपासणी, केव्हा करावी?

घोडा चंदी संपवतो, पाणी पितो, पण खाल्लेले अंगी लागत नाही. मधूनच अंग तापते, दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. मालकाला वाटते, घोडा दमला असेल. पुढे पोटाखाली सूज दिसू लागते, डोळ्यांच्या आतील कातडी फिकी पडते आणि मग पशुवैद्यकीय दवाखान्याची आठवण होते. दवाखान्यात रक्ताची काच तपासली जाते. 'परजीवी आढळले नाहीत' असा अहवाल मिळतो आणि मालक निश्चिंत मनाने घोडा घरी आणतो. महिन्याभरात घोडा मागच्या पायांनी लटपटू लागतो. तेव्हा उपचाराची योग्य वेळ बहुधा निघून गेलेली असते.

याच्या उलट प्रकारही घडतो. खरेदीच्या वेळी केलेली रक्तजलाची चाचणी होकारार्थी, म्हणजे पॉझिटिव्ह येते आणि चांगला, धडधाकट घोडा 'रोगी' ठरवून परत पाठवला जातो किंवा गरज नसताना त्याला तीव्र औषधाचे इंजेक्शन दिले जाते.

या दोन्ही प्रसंगी तपासणी बरोबर झालेली असू शकते. चुकतो तो तिचा अर्थ लावण्यात. सर्रा रोगासाठी आज अनेक तपासण्या उपलब्ध आहेत आणि प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. आपला प्रश्न कोणता आहे हे ठरवून तपासणी निवडली, तर घोडा वाचतो आणि पैसाही वाया जात नाही. म्हणून या तपासण्यांची तुलनात्मक माहिती प्रस्तुत लेखात देत आहोत.

रोगाची ओळख

सर्रा हा रोग 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय' या एकपेशीय परजीवीमुळे होतो. ब्रिटिश लष्करातील पशुवैद्यक ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान येथे (हे ठिकाण आता पाकिस्तानात आहे) आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात हा परजीवी शोधून काढला. त्यांचेच नाव त्याला मिळाले. रोगाच्या नावाशी आपला जवळचा संबंध आहे. काही इंग्रजी शब्दकोश 'सर्रा' या शब्दाचे मूळ मराठीत असल्याचे देतात व नाकातून श्वास घेताना होणारा आवाज असा त्याचा अर्थ सांगतात.

हा परजीवी रक्तात तांबड्या पेशींच्या बाहेर, रक्तद्रवात पोहत असतो. घोडमाशी व तबेल्यातील इतर चावऱ्या माश्या आजारी जनावराचे रक्त पिता पिता उठतात आणि लगेच शेजारच्या जनावराला चावतात. माशीच्या सोंडेला लागलेल्या रक्तातून रोग पसरतो. एकाच सुईने अनेक घोड्यांना टोचल्यासही असाच प्रसार होतो. पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत माश्यांचा उपद्रव वाढतो, त्यामुळे रोगाचे प्रमाणही वाढते.

घोडा, उंट व कुत्रा यांच्यात रोग तीव्र स्वरूपात येतो. गाई, बैल व म्हशी यांच्यात मात्र पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही, परंतु त्यांच्या रक्तात परजीवी राहू शकतो. गोठा आणि घोड्याची पागा एकमेकांना लागून असेल, तर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

लक्षणे

लागण झाल्यापासून साधारणतः एक ते चार आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात. पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे.

१) थांबून थांबून येणारा ताप. निरोगी घोड्याचे तापमान साधारणपणे ९९.५ ते १०१ अंश फॅरनहाइट असते. सर्रात ते १०४ अंशांच्याही वर जाते, उतरते आणि काही दिवसांनी पुन्हा चढते.
२) भूक बऱ्यापैकी असूनही घोडा वाळत जातो.
३) डोळ्यांची व हिरड्यांची आतील कातडी फिकी किंवा पिवळसर होते. कधी तिच्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात.
४) छातीखाली, पोटाखाली व पायांवर सूज येते. बोटाने दाबल्यास तेथे खळगा पडतो.
५) गाभण घोडी गाभडते.
६) रोग पुढे गेल्यावर मागचा भाग झुलतो, घोडा पाय ओढत चालतो व शेवटी बसतो.

ही लक्षणे केवळ सर्राचीच असतात असे नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिया व बबेसिया या रोगांतही ताप, रक्ताची कमतरता व कावीळ दिसते. त्यांची औषधे वेगळी आहेत. म्हणूनच केवळ लक्षणांवरून इंजेक्शन देणे योग्य नाही. रक्ताची तपासणी आवश्यक आहे.

परजीवी कधी दिसतो, कधी लपतो

कोणतीही तपासणी समजून घेण्याआधी या परजीवीची एक सवय माहीत असली पाहिजे. त्याच्या अंगावर प्रथिनांचे एक आवरण असते. घोड्याचे शरीर त्या आवरणाला ओळखून त्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्ये तयार करते. त्यामुळे बहुतेक परजीवी मरतात व ताप उतरतो. पण त्यांपैकी काहींनी तोवर आवरण बदललेले असते. नव्या आवरणाचे हे परजीवी पुन्हा वाढतात आणि ताप पुन्हा चढतो. शरीर नवी प्रतिपिंडे बनवते, परजीवी पुन्हा आवरण बदलतो. असा हा लपंडाव अनेक आठवडे, कधी महिने चालतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली, ताप चढलेला असताना रक्तात परजीवी भरपूर असतात आणि ताप उतरल्यावर ते फारच थोडे उरतात. दुसरी, प्रतिपिंडे एकदा तयार झाली की ताप असो वा नसो, ती रक्तात राहतात. परजीवी गेल्यावरही ती बराच काळ टिकतात.

सर्राच्या सर्व तपासण्या या दोन गोष्टींवर आधारलेल्या आहेत. काही तपासण्या प्रत्यक्ष परजीवी शोधतात, तर काही त्याच्या विरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधतात.

गट पहिला : प्रत्यक्ष परजीवी शोधणाऱ्या तपासण्या

ओली काच : ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन, वर पातळ काच ठेवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. परजीवी जिवंत असल्याने तो वळवळताना व तांबड्या पेशींना ढकलताना दिसतो. ही तपासणी पाच-दहा मिनिटांत होते आणि खर्च जवळजवळ नाही. मात्र एक मिलिलिटर रक्तात सुमारे एक लाख परजीवी असतील तेव्हाच ते सहज सापडतात. एवढी संख्या बहुधा ताप चढलेला असतानाच असते.

रंगवलेली काच : रक्ताचा पातळ लेप काचेवर घेऊन, वाळवून, जिम्सा रंगाने रंगवतात. काच दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येते व जपूनही ठेवता येते. परजीवीचा आकार नीट दिसतो. थायलेरिया व बबेसिया हे तांबड्या पेशींच्या आत, तर सर्राचा परजीवी पेशींच्या बाहेर दिसत असल्याने रोगांतील फरकही कळतो. हा या तपासणीचा मोठा फायदा. परंतु परजीवी थोडे असतील तर ओल्या काचेप्रमाणेच हीसुद्धा त्यांना हुकवते.

येथे एक हिशेब पाहू. ४०० किलो वजनाच्या घोड्याच्या अंगात ३० लिटरच्या आसपास रक्त असते. समजा, ताप उतरलेला आहे आणि एक मिलिलिटर रक्तात फक्त १०० परजीवी उरले आहेत. म्हणजे घोड्याच्या अंगात एकूण ३० लाख परजीवी आहेत. ओल्या काचेवर आपण घेतो मिलिलिटरचा सुमारे तीनशेवा भाग. हिशेबाने अशा तीन काचा तपासल्या तर एखादा परजीवी वाट्याला येईल, तोही सबंध काच डोळ्यांखालून घातली तरच. घोडा रोगी आहे, पण अहवाल 'आढळले नाहीत' असाच येणार. त्या अहवालाचा खरा अर्थ 'या थेंबात आढळले नाहीत' एवढाच आहे.

केशनलिका तपासणी : हीच अडचण या तपासणीत कमी होते. बारीक काचेच्या नळीत रक्त घेऊन ती यंत्रात अतिशय वेगाने फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर स्वच्छ रक्तद्रव राहतो आणि मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर तयार होतो. परजीवी याच थराजवळ गोळा होतात. नळीचा तेवढाच भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पुरते. मिलिलिटरला १०० च्या आसपास परजीवी असले तरी या पद्धतीने ते सापडू शकतात. त्याच नळीवरून तांबड्या पेशींचे प्रमाणही मोजता येते. निरोगी घोड्यात ते साधारण ३० ते ४५ टक्के असते. ते बरेच खाली आले असल्यास रक्त कमी झाले आहे हे कळते. एका नळीत दोन उत्तरे मिळतात. मात्र रक्त ताजे हवे. काही तासांत परजीवी मरतात व वळवळ थांबली की ते ओळखणे कठीण जाते.

उंदरावरील चाचणी : संशयित घोड्याचे रक्त प्रयोगशाळेतील उंदराला टोचून पुढे अनेक दिवस त्याचे रक्त तपासत राहावे लागते. परजीवी अगदी मोजके असले तरी उंदरात ते वाढतात व सापडतात. पूर्वी ही पद्धत अतिशय भरवशाची मानली जात असे. उत्तराला लागणारा वेळ, खर्च व प्राण्याला होणारा त्रास यांमुळे आता ती मुख्यतः संशोधनापुरती उरली आहे.

पीसीआर चाचणी : या चाचणीत परजीवीच्या आनुवंशिक द्रव्याचा ठरावीक तुकडा शोधून त्याच्या असंख्य प्रती तयार करतात. त्यामुळे रक्तात थोडे परजीवी असले तरी ते कळतात आणि परजीवी जिवंत असण्याची गरज नसते. थंड ठेवलेले रक्त दूर पाठवता येते. खर्च अधिक, यंत्रसामग्री महाग आणि कुशल माणूस लागतो. ही चाचणी जवळच्या दवाखान्यात होत नाही. शिवाय परजीवी रक्तातून निघून मेंदूच्या आवरणातील द्रवात जाऊन बसला असेल, तर रक्तावरील पीसीआरही नकारार्थी येऊ शकते.

गट दुसरा : प्रतिपिंडे शोधणाऱ्या तपासण्या

कार्ड चाचणी : पांढऱ्या कार्डावर रक्तजलाचा थेंब व निळ्या रंगाने रंगवलेल्या मृत परजीवींचे द्रावण एकत्र करून पाच मिनिटे फिरवतात. रक्तजलात प्रतिपिंडे असल्यास निळे कण एकमेकांना चिकटून बारीक गुठळ्या दिसतात. ही चाचणी तबेल्यातही करता येते. विजेची किंवा सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. द्रावण मात्र शीतपेटीत ठेवावे लागते. लागणीनंतर लवकर तयार होणारी प्रतिपिंडे तिच्यात चांगली पकडली जातात.

एलायझा चाचणी : प्लास्टिकच्या ताटलीतील खळग्यांत रक्तजल घालून रंगाच्या छटेवरून प्रतिपिंडांचे प्रमाण यंत्राने मोजतात. एका वेळी बरेच नमुने तपासता येतात. उत्तर आकड्यात मिळते, त्यामुळे डोळ्यांचा अंदाज लागत नाही. मोठी पागा, अश्वपैदास केंद्र किंवा एखाद्या भागाची पाहणी यांसाठी ही चाचणी सोयीची आहे.

या दोन्ही चाचण्यांच्या दोन मर्यादा कायम ध्यानात ठेवाव्यात. लागणीनंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात, तेव्हा रोगी घोडाही नकारार्थी ठरू शकतो. आणि यशस्वी उपचारानंतरही प्रतिपिंडे महिनोनमहिने रक्तात राहतात, तेव्हा बरा झालेला घोडाही होकारार्थी येतो. घोड्याचा परजीवीशी संबंध आला होता एवढेच ही चाचणी सांगते. तो आज रोगी आहे की नाही, हे एकट्या या चाचणीवरून ठरत नाही.

तपासण्यांची तुलना

| तपासणी | काय शोधते | फायदा | मर्यादा |
|---|---|---|---|
| ओली काच | जिवंत परजीवी | लगेच, स्वस्त | ताप नसताना बहुधा हुकते |
| रंगवलेली काच | परजीवी | इतर रक्तरोगांतील फरक कळतो, काच टिकते | परजीवी कमी असल्यास हुकते |
| केशनलिका | जिवंत परजीवी | काचेपेक्षा बरीच सूक्ष्म, रक्ताची कमतरताही कळते | यंत्र व ताजे रक्त हवे |
| पीसीआर | परजीवीचे आनुवंशिक द्रव्य | थोडे परजीवीही सापडतात | खर्च, मोठी प्रयोगशाळा |
| कार्ड चाचणी | प्रतिपिंडे | जागेवर, पाच मिनिटांत | जुनी व नवी लागण वेगळी कळत नाही |
| एलायझा | प्रतिपिंडे | अनेक नमुने, आकड्यात उत्तर | उपचारानंतरही होकारार्थी राहते |

चंद्रपूरचा धडा

होकारार्थी अहवालाचा अर्थ किती जपून लावावा याचे ठळक उदाहरण आपल्याच राज्यात घडले, आणि तेही माणसांच्या बाबतीत. सर्राचा परजीवी सहसा माणसाला बाधत नाही. परंतु २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो आढळला. त्याला चढ-उताराचा ताप येत होता आणि रक्ताच्या काचेवर परजीवी प्रत्यक्ष दिसला. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. माणसाला या परजीवीपासून वाचवणारे एक प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते, असे पुढील संशोधनात दिसून आले.

या घटनेनंतर त्या गावातील १८०६ लोकांचे रक्त कार्ड चाचणीने तपासण्यात आले. ४१० जण होकारार्थी आले. मग रक्तजल पातळ करून तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा ८१ जणच होकारार्थी राहिले. त्यांच्यापैकी ज्यांची प्रतिपिंडे जास्त होती अशा ६० जणांच्या रक्तात परजीवी शोधण्यात आला. तो एकाच्याही रक्तात सापडला नाही.

पहिल्या चाचणीवर थांबले असते तर गावातील शेकडो लोक रोगी ठरले असते. चाळणीसारखी सोपी चाचणी आधी, मग तीच अधिक काटेकोरपणे आणि शेवटी प्रत्यक्ष परजीवीचा शोध, असा क्रम ठेवल्याने खरी परिस्थिती समजली. घोड्यांच्या बाबतीतही हाच क्रम उपयोगी पडतो.

होकारार्थी आलेले किती खरे?

हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखादी चाचणी १० रोगी घोड्यांपैकी ९ बरोबर ओळखते आणि १०० निरोगी घोड्यांपैकी ५ घोड्यांना चुकून रोगी ठरवते. चाचणी चांगलीच म्हणावी लागेल.

आता बाजारात २१० घोडे आहेत व त्यांपैकी १० रोगी आहेत असे धरू. चाचणी ९ रोगी घोडे पकडेल. उरलेल्या २०० निरोगी घोड्यांपैकी १० घोड्यांनाही ती होकारार्थी दाखवेल. एकूण १९ घोडे होकारार्थी आले, त्यांत निम्म्याहून अधिक निरोगी!

तीच चाचणी अशा पागेत करा, जेथे रोग शिरला आहे. २० घोड्यांपैकी १० रोगी आहेत. चाचणी ९ रोगी पकडेल आणि १० निरोगी घोड्यांपैकी चुकून एखाद्यालाच होकारार्थी दाखवेल. येथे होकारार्थी आलेला घोडा जवळजवळ नक्की रोगी आहे.

चाचणी तीच, पण तिचा भरवसा परिस्थितीप्रमाणे बदलला. म्हणून लक्षणे, ताप, शेजारच्या जनावरांची स्थिती व घोडा कोठून आला ही माहिती पशुवैद्यकाला अवश्य द्यावी. तिच्याशिवाय नुसत्या अहवालाचा अर्थ लागत नाही.

कोणत्या वेळी कोणती तपासणी?

अ) घोडा आजारी आहे आणि सर्राचा संशय आहे : येथे प्रश्न असा की आज याच्या रक्तात परजीवी आहे काय? ताप चढलेला असतानाच ओली काच, रंगवलेली काच व शक्य असल्यास केशनलिका तपासणी करून घ्यावी. परजीवी दिसला तर निदान पक्के झाले. दिसला नाही तर रोग नाही असे समजू नये. सकाळ-संध्याकाळ तापमान घेऊन वहीत लिहावे आणि पुढचा ताप चढताच पुन्हा रक्त द्यावे. तरीही संशय राहिला तर पीसीआर व एलायझासाठी नमुने पाठवावेत.

ब) नवीन घोडा विकत घ्यायचा आहे : दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेडा येथे आणि मार्गशीर्षातच माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. परराज्यांतूनही घोडे येतात. माश्यांचा हंगाम नुकताच संपलेला असतो, त्यामुळे छुपी लागण असलेला घोडा वरून तजेलदार दिसू शकतो. अशा घोड्याच्या रक्ताची नुसती काच पाहून समाधान मानू नये. कार्ड किंवा एलायझा चाचणी करावी. ती होकारार्थी आल्यास केशनलिका किंवा पीसीआर करून मगच निर्णय घ्यावा. पूर्वी सर्राचा उपचार झाला होता काय, हे विकणाऱ्याला जरूर विचारावे. चाचणी नकारार्थी आली तरी घोडा तीन ते चार आठवडे इतर घोड्यांपासून दूर बांधावा व शेवटी चाचणी पुन्हा करावी. नुकतीच झालेली लागण या दुसऱ्या चाचणीत उघडी पडते.

क) पागेत एका घोड्याला सर्रा निघाला आहे : इतर सर्व घोड्यांची कार्ड किंवा एलायझा चाचणी करावी. शिवाय ज्यांना ताप आहे त्यांचे रक्त त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे, कारण नव्या लागणीत परजीवी आधी दिसतो व प्रतिपिंडे मागाहून येतात. जवळच्या गाई-म्हशींविषयीही पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

ड) उपचार झाला, घोडा बरा झाला काय? : येथे प्रतिपिंडांची चाचणी लगेच करून काही उपयोग नाही, ती होकारार्थीच येईल. परजीवी शोधणारी तपासणी, म्हणजे केशनलिका किंवा पीसीआर, पशुवैद्यकाने सांगितलेल्या अंतराने दोन-तीन वेळा करावी. तापाची वही पुढेही चालू ठेवावी. परजीवी मेंदूच्या बाजूस लपला असेल तर काही आठवड्यांनी रोग उलटू शकतो. पुढील काही महिन्यांत एलायझाचा आकडा उतरत गेला तर ते चांगले चिन्ह समजावे.

नमुना देताना घ्यावयाची काळजी

कितीही चांगली चाचणी असली तरी बिघडलेल्या नमुन्यातून चांगले उत्तर मिळत नाही.

१) कोणतेही औषध देण्यापूर्वी रक्त घ्यावे. सर्राचे इंजेक्शन दिल्यावर रक्तातील परजीवी झपाट्याने कमी होतात.
२) काच तयार करण्यासाठी कानाच्या कडेच्या बारीक शिरेतील ताजा थेंब चांगला. काच हवेत वाळवावी, उन्हात किंवा विस्तवाजवळ धरू नये. तिला माश्या लागू देऊ नयेत.
३) केशनलिका व पीसीआरसाठी रक्त न गोठवणाऱ्या औषधाच्या बाटलीत घ्यावे व हलक्या हाताने उलटसुलट करावे. जोरात हलवू नये. बाटली बर्फाच्या पेटीत, पण बर्फाला थेट न टेकवता ठेवावी. केशनलिकेसाठी ती त्याच दिवशी, होईल तितक्या लवकर पोहोचवावी.
४) कार्ड व एलायझासाठी साध्या बाटलीत रक्त घेऊन ती तिरपी ठेवावी. रक्त गोठल्यावर वर येणारे पिवळसर रक्तजल वेगळे काढावे.
५) प्रत्येक घोड्यासाठी नवी सुई वापरावी. हातमोजे घालावेत. हाताला जखम असल्यास रक्त हाताळू नये.
६) बाटलीवर घोड्याची ओळख, तारीख, वेळ व त्यावेळचे तापमान लिहावे. पूर्वी दिलेली औषधेही कळवावीत.

नमुने नेहमी आपल्या भागातील पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फत पाठवावेत. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. घोड्यांच्या रोगांच्या विशेष तपासणीसाठी हरियाणातील हिस्सार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. कोणता नमुना कोठे पाठवावयाचा हे पशुवैद्यक ठरवतील.

निदानाशिवाय औषध नको

'तपासणीला कशाला वेळ घालवायचा, सर्राचे इंजेक्शन देऊन टाका,' असा आग्रह काही पशुपालक धरतात. क्विनापायरामिनसारखी औषधे प्रभावी आहेत, पण ती तीव्र आहेत. इंजेक्शनच्या जागी सूज येणे, लाळ गळणे, घाम सुटणे, पोटात दुखणे असे त्रास घोड्यात होऊ शकतात. गाई-बैलांना चालणारे प्रत्येक औषध त्याच मात्रेत घोड्याला मानवत नाही. मात्रा कमी पडली तर परजीवी मरत नाही, तो औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून घोड्याचे वजन काढून, निदान करून पशुवैद्यकानेच औषध द्यावे. घोडा अत्यवस्थ असेल आणि अहवालाची वाट पाहणे धोक्याचे असेल, तर पशुवैद्यक संशयावरून उपचार सुरू करतील. अशा वेळीसुद्धा आधी रक्ताचा नमुना घेऊन ठेवण्याचा आग्रह मालकाने धरावा.

पशुपालक बंधू-भगिनींनो, आजच्या भावात चांगला घोडा म्हणजे कुटुंबाची मोठी गुंतवणूक. धनगर बांधवांच्या बिऱ्हाडाचा भार, टांगेवाल्याची रोजची मिळकत आणि पैदासदाराची पुढच्या वर्षाची आशा त्याच्या पाठीवर असते. ती वाचवण्यासाठी मोठी प्रयोगशाळा दारात असण्याची गरज नाही. घरात एक तापमापक व एक वही ठेवा. ताप चढलेला असतानाच रक्त द्या. काच नकारार्थी आली तर पुढच्या तापाला पुन्हा द्या. रक्तजलाची चाचणी होकारार्थी आली तर घाबरून न जाता परजीवीचा शोध घ्यायला सांगा. आणि अहवाल हाती आला की पशुवैद्यकाला एवढे नक्की विचारा की, या तपासणीने नेमके काय शोधले आणि काय शोधलेले नाही?